विहिरीवरचा समुद्र

माझ्या हातून आयुष्यात बऱ्याच चुका झाल्या आणि त्यातल्या बहुतेक निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले. एकच चूक अशी, की ती होता होता राहिली. तिची आठवण झाली की आजही मी आधी सुस्कारा सोडते आणि मग हसते. पलूसच्या अलीकडं आमचा मळा आहे. तिथून समुद्र म्हणजे घाट उतरून अख्ख्या दिवसाचा प्रवास. त्या मळ्यात मी एकदा समुद्र शोधून काढला होता, आणि तो जगाला सांगायला फक्त पाच दिवस उरले होते.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. जोडीला संशोधन चालू होतं, मुशीच्या दातांवर. मुशी म्हणजे शार्क मासा. रत्नागिरीकडं त्याला मुशीच म्हणतात. माझे मार्गदर्शक सर साताऱ्याला होते. त्यांच्याच हाताखाली मी शिकले होते. आमच्या घरात ऊस, हळद, दोन म्हशी आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेले आबा. आबा, म्हणजे माझे वडील, माळकरी. घरात मासा-मटण तर नाहीच, पण कांदासुद्धा एकादशीला उंबऱ्याबाहेर. अशा घरातली मुलगी माशाचे दात मोजते, हे आईला कुणाला सांगता येत नसे. पाहुण्यांनी विचारलं तर ती म्हणायची, शाळेत शिकवती. त्यातून एखादा खोलात शिरलाच, तर ती चहा ठेवायला आत जायची.

आबांनी मात्र अडवलं नाही. एवढंच म्हणाले, शिकणं वेगळं, खाणं वेगळं. पण एकदा मी रत्नागिरीहून मुशीचा जबडा पिशवीत घालून थेट घरी आले, तेव्हा मला अंगणातच अंघोळ करावी लागली, आणि जबडा मळ्याच्या टोकाला बाभळीवर टांगावा लागला. मुंग्यांनी तो इतका सुरेख साफ केला, की मला औषधांचा खर्च पडला नाही.

मुशीच्या अंगात हाड नसतं. सगळा सांगाडा कुर्चेचा, आपल्या नाकाच्या शेंड्यासारखा. ती मेली की सगळं कुजून जातं, मागं उरतात ते दात. आणि दात ती जन्मभर पाडतच असते. पुढचा पडला की मागच्या ओळीतला पुढं सरकतो, त्याच्या मागं आणखी एक ओळ तयार असते. त्यामुळं जिथं कधी काळी समुद्र होता तिथल्या खडकात मुशीचे दात सापडतात, दगड झालेले. कच्छात सापडतात, दक्षिणेत सापडतात. आमच्या भागात सापडत नाहीत, कारण आमच्या पायाखाली लाव्हाचा काळा पत्थर आहे, थरावर थर. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं मातीचा पट्टा येतो आणि त्यात गोड्या पाण्यातल्या शिंपल्या-गोगलगाई मिळतात. खारं पाणी इथं कधी आलं असेल का, यावर मोठी मोठी माणसं वाद घालत. तो वाद मी मिटवणार होते.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत मी मळ्यात गेले होते. आमच्या विहिरीच्या काठाला मुरमाचा एक ढीग होता. बहात्तरच्या दुष्काळात विहीर खोल केली, तेव्हा आतून निघालेला दगड, मुरूम, पांढरी माती तिथं टाकली होती. चार वर्षांत त्याच्यावर गवत आणि घाणेरी माजली होती. मी घाणेरीची फुलं तोडत होते, भाचीला वेणी करायची म्हणून. बोटाला काहीतरी टोचलं. काटा असेल म्हणून पाहिलं, तर पांढऱ्या दगडासारख्या खड्यात रुतलेला, तीन कोनांचा, करवतीच्या धारेचा दात. मुळाशी काळा झालेला. मी तो दात पाहता क्षणी ओळखला. माझ्या टेबलावर तसे तीनशे दात होते. पण त्यांतला एकही दगडात रुतलेला नव्हता.

मी खाली बसले. तो खडा इतका वेळ डोळ्यांशी धरून ठेवला, की भाची घाबरली आणि आजीला बोलवायला पळाली. संध्याकाळपर्यंत मी खुरप्यानं उकरून अकरा दात काढले. निम्म्यांवर पांढरं कवच चढलं होतं, खरवडलं तरी निघेना. विहिरीच्या तळातून निघालेल्या ढिगात, चुनखडीत रुतलेले, काळे पडलेले मुशीचे दात. म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीतरी समुद्र आला होता. आमच्या उसाच्या मळ्यात.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कराडवरून साताऱ्याला गेले.

सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं, आणि कागद वाया घालवायचा नाही म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर टिपणं काढायचे. विद्यार्थ्यांच्या कामावर स्वतःचं नाव त्यांनी कधी घातलं नव्हतं. ज्याचं काम त्याचं नाव, असं ते म्हणायचे. त्यांनी दात भिंगाखाली धरले, पाऊण तास उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाले, आजच्या मुशीसारखेच आहेत. मी म्हटलं, मुशी कोट्यवधी वर्षांत कुठं फारशा बदलल्यात? त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नाही, हे मी पाहून घेतलं नाही.

मग त्यांनी जो प्रश्न विचारायला हवा तोच विचारला. त्या जमिनीत किनाऱ्यावरचं काही आलंय का? वाळू, शिंपल्यांचा चुना, मासळीचं खत?

मासळीचं खत म्हणजे काय, ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. कोकणातून ट्रकनं यायचं, वाळकी कुजकी मासळी, डोकी, शेपट्या, काटे. पानमळ्यांना घालायचे, उसालाही घालायचे. त्यानं ऊस काळाभोर होतो. मला हसूच आलं. मी म्हटलं, सर, आमचे वडील माळकरी आहेत. आमच्या बांधावरून मासळीचा ट्रक गेला तरी ते विहिरीचं पाणी बदलायला सांगतील.

तरी विचारून या, सर म्हणाले.

मी विचारलं. रात्रीची जेवणं चालली होती. आबा, दादा आणि धाकटा भाचा ओळीनं बसलेले, आई नि वहिनी वाढत होत्या. दादा माझा थोरला भाऊ. फौजेत पंधरा वर्षं काढून, लढाई आटपून, दुष्काळाच्या तोंडावर घरी आलेला. मी सरळ विचारलं, की आपल्या मळ्यात कधी मासळीचं खत घातलंय का. आबांनी वर पाहिलं नाही. दादा भाकरी मोडता मोडता थांबला आणि म्हणाला, न्हाई. वहिनी आमटी वाढायला पुढं आली होती ती तशीच मागं सरली. आईनं मला डोळ्यांनी दटावलं. मला वाटलं, जेवताना माशाचं नाव काढलं म्हणून. पुरावा ताटात वाढलेला होता आणि मला तो दिसला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

खात्री करायला गड्यालाही विचारलं. त्यानं दादाकडं पाहिलं आणि तोही न्हाई म्हणाला.

मग आम्ही लिहायला घेतलं. पुण्यात जाणत्या शास्त्रज्ञांची बैठक भरणार होती. तिथं निबंध वाचायचा आणि नंतर तो छापून निघायचा. मी एकटीनं नाव घातलं असतं तर सांगलीच्या कुठल्या कॉलेजातली कोण ही बाई, म्हणून तो बाजूला पडला असता. मी सरांना म्हटलं, तुमचं नाव घाला. ते दोन आठवडे नाही म्हणाले. मी हट्ट सोडला नाही. शेवटी त्यांनी माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, जणू पहिल्यांदाच लिहितायत. निबंध इंग्रजीत होता. त्यात मी एक वाक्य मोठ्या अभिमानानं घातलं होतं, त्याचा अर्थ असा: हे शेत एका माळकरी कुटुंबाचं असून, धार्मिक नियमामुळं त्यात मासळीचं खत कधीही वापरलेलं नाही. आमचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच होता. आबांच्या गळ्यातल्या माळेवर आम्ही समुद्र उभा केला होता.

बैठक गुरुवारी होती. आधीच्या शनिवारी मी कॉलेजचा कॅमेरा घेऊन घरी आले, ढिगाचे फोटो काढायला. ऊन चांगलं पडलं होतं. फोटो काढून झाले, पण हात स्वस्थ बसेना, म्हणून ढिगाच्या मागच्या बाजूला थोडं उकरलं. हातात एक जड वस्तू आली. मुठीएवढी, कवडीसारखी गुंडाळलेली, आतून पोकळ, तरी दगडासारखी जड. मी ती विहिरीच्या पाण्यानं धुतली. ते देवमाशाच्या कानाचं हाड होतं.

देवमासा मुशीसारखा नाही. तो आपल्यासारखाच, हवेत श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा. त्याच्या कानाचं हाड सगळ्या अंगात घट्ट, म्हणून तेच टिकतं. मी विहिरीच्या धक्क्यावर बसले आणि पाच मिनिटं इतकी आनंदात होते, की तसा आनंद मला नंतर माझ्या लग्नातही झाला नाही. मुशी आणि वर देवमासा. पुण्यात लोक खुर्चीवर उभे राहतील, असं मला वाटलं.

मग डोक्यात कुठंतरी खुट्ट झालं. मी बोटांवर हिशोब मांडला, पुन्हा मांडला. लाव्हा वाहिला तेव्हा मुशी होत्या, त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. पण देवमासे नव्हते. देवमाशांचे पूर्वज तेव्हा पाण्यात शिरलेसुद्धा नव्हते; ते सगळं बरंच नंतरचं. जो प्राणी जन्मालाच आला नव्हता त्याचं हाड त्याच्या आधीच्या खडकातून निघणार कसं? आणि ते हाड खोटं असेल तर त्याच ढिगातले, तसल्याच पांढऱ्या कवचातले दात खरे कसे?

गुरुवारी सर उभे राहणार, चाळीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा दुसऱ्याच्या कामाखाली आपलं नाव घालून, आणि पुढच्या रांगेतला कुणी एक तो दात हातात घेऊन म्हणणार, हा तर परवाचा आहे. माझं काय, मी तरुण होते, लोक हसले असते आणि विसरले असते. सरांना विसरायला वेळच उरला नव्हता. ते त्या हसण्यासकट घरी गेले असते.

दादा विहिरीवरच्या खोपटात इंजिन सुरू करत होता. मी हाड घेऊन दारात उभी राहिले.

"दादा, आबा हितं न्हाईत. आता खरं सांग."

त्यानं हाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. इंजिनाचं हँडल खाली ठेवलं.

"तुला कुनी सांगितलं?"

झालं. एवढ्यातच सगळं कळलं. मग तो पोत्यावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. दुष्काळानंतर जमीन थकली होती, लावण पिवळी पडायला लागली होती. आबांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. पंधरा वर्षं बंदूक धरलेल्या माणसाला औताचं काय कळतं, असं ते चारचौघांत बोलायचे. त्याच्या पलटणीतला एक मित्र रत्नागिरीकडचा. त्यानं सांगितलं, मासळी घाल, ऊस हत्तीच्या सोंडेसारखा येईल. आबा मेढ्याला आत्याकडं गेले होते, आत्या आजारी होती म्हणून दहा दिवस. त्या दहा दिवसांत दादानं ट्रक मागवला. मासळी कुठं दिसू नये म्हणून विहिरीच्या मुरमाच्या ढिगात खड्डा करून पुरली, कुजू दिली, आणि लागेल तशी पाटीनं काढून उसाला घातली. आई, वहिनी, गडी, सगळ्यांना त्यानं शपथ घातली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आणि हे पांढरं?" मी दातावरचं कवच दाखवलं.

"चुना. वासासाठी दोन पोती चुना वतला वरनं. फौजेत संडासाच्या खड्ड्यावर वततात तसा."

माझी कोट्यवधी वर्षांची चुनखडी ती ही. सांगलीच्या बाजारातली, दोन पोती. आणि देवमासा? त्याचंही त्याला आठवत होतं. ट्रकवाल्यानं सांगितलं होतं, की किनाऱ्याला घराएवढा मासा मरून लागला होता. चार दिवस सगळी वाडी त्याला फोडत होती, तोही त्या खतात होता. दादाला तेव्हा ते खोटं वाटलं होतं.

मला राग आला. खूप आला. मी त्याला नाही नाही ते बोलले. जेवताना मी सरळ विचारलं होतं, सरळ सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं? आणि बोलता बोलताच मला रडू फुटलं. दादाला वाटलं, माझा समुद्र गेला म्हणून रडते. तसं नव्हतं. आज शनिवार होता आणि बैठक गुरुवारी होती, म्हणून मी रडत होते. ते हाड हाताला लागलं नसतं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. अंगावरून कुणीतरी धान्याचं पोतं उतरवून घ्यावं, तसं झालं होतं.

पण तेवढ्यानं सुटका नव्हती. दादा म्हणाला,

"तुज्या सरास्नी काय बी सांग. पर आबांस्नी कळू दिऊ नको. त्या उसावरच त्यांनी मळा माज्या हातात दिलाय."

ते खरं होतं. त्या वर्षी आमचा ऊस बघायला शेजारच्या गावातली माणसं आली होती. सुगी झाल्यावर आबांनी चावडीवर सांगितलं, आता मळा पोरगा बघंल. आता हे मागं कसं घ्यायचं? निबंध मागं घेताना सर कारण विचारणार. कारण म्हणजे मासळीचं खत, माळकऱ्याच्या मळ्यात, आणि ते घर तर मी स्वतःच कागदावर लिहून पुण्याला पाठवलेलं. एका बाजूला सरांचं नाव, दुसऱ्या बाजूला आबांची माळ आणि दादाची अब्रू. मी दादाला म्हटलं, उद्या सकाळी मी आबांना सांगणार. तू सांगितलंस तर बरं. त्यानं हँडल उचललं आणि तो इंजिनाकडं वळला.

सकाळी आबा गोठ्यात म्हशींना वैरण टाकत होते. मी गेले. वैरणीची पेंडी उगाच सोडत बसले. तेवढ्यात मागून दादा आला. अंगात सदरा, केस विंचरलेले, साहेबासमोर उभा राहावा तसा उभा राहिला आणि सगळं सांगून टाकलं. चुन्याच्या पोत्यांसकट. शेवटी म्हणाला, मळा परत घ्या.

आबांनी हातातली वैरण टाकली, हात झटकले. म्हैस कडबा चावत होती, तेवढाच आवाज.

"मला ठावं हाय," आबा म्हणाले.

दादानं मान वर केली.

"मेढ्यासनं आलो तवा त्या ढिगावर गावातली समदी मांजरं बसल्याली. मुरमावर कवा मांजर बसतंय व्हय रं? वास तर लांबच ऱ्हायला." ते खाली बसले. "लय राग आला हुता. हाकलून द्यावं म्हनलं. पर बघितलं, पोरगं पाटंला उठून पानी धरतंय, उसात मन घालतंय. त्या वर्सीचा गूळ म्या तोंडात घातला न्हाई. तुला बोललो बी न्हाई."

तीन वर्षं. दादा आबांपासून लपवत होता आणि आबा आपल्याला माहीत आहे हे दादापासून लपवत होते. मध्ये आई, जिला आबांनी गूळ टाळला तेव्हाच दोन्ही बाजू कळल्या होत्या आणि जी आमटी वाढत होती. दादा खाली बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यात घातलं. त्याचे खांदे हलत होते. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, थोपटून. मी दाराबाहेर येऊन उभी राहिले. मला वाटलं, आमच्या घरानं तीन वर्षं एकच श्वास धरून ठेवला होता.

मग आबांनी विचारलं, तुझं काय अडलंय. मी सगळं सांगितलं. निबंध, सर, पुणे, आणि त्यातलं ते माळकरी कुटुंबाचं वाक्य. ते वाक्य त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग आईला म्हणाले, धोतर काढ धुतलेलं, सातारला जायचंय.

मी नको नको म्हटलं. आबांनी ऐकलं नाही. सोमवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. कराडला गाडी बदलली. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. कॉलेजच्या जिन्यापाशी ते थांबले, चपला काढू लागले. मी म्हटलं, आबा, देऊळ नाही हे. तरी त्यांनी चपला काढल्याच.

सरांच्या खोलीत भिंतीला लागून काचेच्या बरण्या होत्या. मुशीची पिल्लं, वाम, पाखट असे मासे, सगळे पिवळ्या औषधात तरंगणारे. आबांनी एकदा सगळीकडं पाहिलं आणि मग सरांकडंच पाहत राहिले. मी हाड टेबलावर ठेवलं, शेजारी चुन्याचं कवच फोडून काढलेला एक दात ठेवला. आत तो पांढराशुभ्र होता, कालच पडल्यासारखा. सरांनी हाड हातात घेतलं मात्र, त्यांना काही सांगावं लागलं नाही.

मी एका दमात सगळं सांगितलं. सर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरायच्या ऐवजी हळूहळू मोकळा होत चालला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"महिनाभर मला झोप नव्हती," ते म्हणाले. "तो दात पहिल्यांदा बघितला तेव्हाच मनात आलं होतं, की हा फार नवा दिसतो. पण मला तो जुना हवा होता. जाता जाता एखादी मोठी गोष्ट हाताला लागावी, असं वाटलं. वाचलो आपण."

आबा म्हणाले, "तसं वाटनं काय पाप न्हाई, गुरुजी. लोकांम्होरं वाचून दावलं असतं, मंजी पाप झालं असतं."

सर हसले. मी त्यांना मोठ्यानं हसताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग ते गंभीर झाले. निबंध मागं घेऊन भागणार नाही, असं म्हणाले. ही फसगत दुसऱ्या कुणाचीही होऊ शकते, खताचे ट्रक सगळीकडं जातात. त्याबद्दल एक टिपण करू, चुना कसा चढतो, दात काळा कसा पडतो, तेच गुरुवारी वाचू. त्यांनी एक जुनी उत्तरपत्रिका ओढली, उलटी केली आणि तिथंच लिहायला बसले. मी सांगत होते, ते लिहीत होते. दोन तास गेले. शिपायानं चहा आणला. आबांनी बशीत ओतून तो घेतला, बरण्यांकडं पाठ करून.

शेवटी ते जागेच्या वर्णनापाशी आले. सरांनी लेखणी उचलून धरली आणि आबांना विचारलं, की इथं नुसतं एका शेतात एवढंच लिहू का. घराचा उल्लेख नको. गावात कुणी वाचणार नाही, पण तरी.

आबांनी गळ्यातल्या माळेवर बोटं ठेवली. मला वाटलं, ते हो म्हणतील, आणि हो म्हणावं असंच मला वाटत होतं.

"आदी लिवलं तवा माळकऱ्याचं घर लिवलं न्हवं?" ते म्हणाले. "मग आता बी त्येच लिवा. माळकऱ्याच्या मळ्यात घातलं हुतं आनि घरच्यांनी लपवलं हुतं, असं लिवा. खोट्याला आमची माळ चालली, तर खऱ्याला बी चालंल. तुमच्या नावाला आमच्या घरातनं डाग लागाय नगं."

सरांनी ते वाक्य लिहिलं. मग इंग्रजीतलं पुन्हा मराठीत करून आबांना वाचून दाखवलं, शब्द न् शब्द. आबांनी मान हलवली.

गुरुवारी पुण्याला सरांनी ते टिपण वाचलं. खाली त्यांचं नाव होतं आणि माझं होतं. त्यांच्या नोकरीतलं ते शेवटचं छापलेलं काम, आणि माझं पहिलं. त्यातलं एकही वाक्य मला आजवर मागं घ्यावं लागलेलं नाही.